तळणीचं उरलेलं तेल

हे लिहिण्याआधी मी आईची परवानगी घेतली. ती चकलीची भाजणी दळून आणायला निघाली होती, पिशवी हातात, एक चप्पल पायात.

"लिही ना, काहून नाही?" ती म्हणाली. "पण एक गोष्ट पहिले लिहिजो. गिऱ्हाइकाला आपण नेहमी ताज्या तेलातलं दिलं."

म्हणून ते पहिले लिहिते. जबलपुरात ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून फराळ नेला, त्यांना ताज्या तेलातलाच मिळाला. माझ्या आजारपणाशी त्या फराळाचा संबंध नाही. फराळ झाल्यावर कढईत जे उरायचं, त्याचा थोडा आहे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी आम्ही बोलतो त्या मराठीत अर्धी हिंदी असते आणि मी एकूणच कमी बोलते. तरी हे मराठीत लिहितेय, कारण आईच्या फराळाच्या ग्रुपवरच्या काकू अजून विचारतात, "पोरीला काय झालं होतं हो?" आणि आई प्रत्येकीला वेगळं सांगते. कोणाला गॅस, कोणाला पित्ताचा खडा, एका काकूंना तर नुसती नजर. खरं काय ते एकदा लिहिलं की तिला आठवत बसावं लागणार नाही. आणि यातल्या बऱ्याच काकूंच्या ओट्यावर आमच्यासारखाच डबा असणार, असं मला वाटतं.

डबा

बाबा फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर आम्ही जबलपूरच्या कडेला, महाराजपूरला घर बांधलं. आईचा फराळ त्याच्या आधीपासूनचा. बँकेत, आर्मीत, कॉलेजात बदली होऊन नवीन मराठी माणसं येतात, पहिल्या दिवाळीला त्यांना चकली मिळत नाही, मग कोणीतरी आईचा नंबर देतं. होळीला शेजारचे हिंदी लोकही करंज्या सांगतात, गुजिया म्हणून.

आईचा नियम एकच. प्रत्येक ऑर्डरीला नवीन तेल. "जुन्या तेलाचा वास आला ना, तर माझं नाव सांगू नका कोणाला," असं ती गिऱ्हाइकांना स्वतः होऊन सांगते. मोडलेली चकली, फुटलेली करंजी कोणाच्या डब्यात जात नाही. देवापुढचा दिवाही ताज्या तेलाचा. देव आणि गिऱ्हाईक, दोघांना ताजं.

राहिलो आम्ही. कढई थंड झाली की आई उरलेलं तेल मलमलच्या फडक्यातून गाळून स्टीलच्या मोठ्या डब्यात ओतायची. तो डबा ओट्याच्या कोपऱ्यात, गॅसच्या डाव्या हाताला. वरणाची फोडणी त्यातली, पराठे त्यातले, रविवारच्या पुऱ्या त्यातल्या. डबा कधी रिकामा व्हायचाच नाही, कारण तो संपायच्या आत पुढची ऑर्डर यायची. मोडके तुकडे दुसऱ्या डब्यात. तो माझा. लॅपटॉपवर काम करताना हात आपोआप त्यात जायचा.

यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटत नव्हतं. अन्न फेकायचं नसतं, इतकंच. त्यातून मी बारीक. आई भातावर तूप वाढताना बाबांना एक चमचा वाढायची आणि मला दोन. "हिच्या अंगाला काही लागूनच नाही राहिलं," असं म्हणत.

दुखलं तो दिवस

होळीच्या ऑर्डरी नुकत्याच संपल्या होत्या आणि डबा काठोकाठ होता. मी घरून काम करते. जेवून मीटिंगला बसले आणि छातीच्या खाली, मधोमध, दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून सरळ बसले. मग ते दुखणं आरपार पाठीत गेलं. मला ओरडायचं होतं. ओरडण्याआधी मी माइक बंद केला, हे मला नंतर आठवलं.

आईने ओवा आणि मीठ दिलं, ते उलटलं. बेंबीत हिंग लावला. मी गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडले होते आणि माझं लक्ष ओट्याखालच्या फरशीवरच्या एका तेलकट डागावर होतं. बाबा दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "चलो, गाडी काढतो."

सिव्हिल लाइन्सच्या बाजूला एक दवाखाना आहे, तिथे नेलं. इंजेक्शन दिल्यावर दुखणं थोडं लांब गेलं, म्हणजे होतं तिथेच, पण पडद्यामागे. रक्त घेऊन गेलेला मुलगा थोड्या वेळाने परत आला आणि माझ्या कॉटशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हणाला, "सर, एक बार देख लीजिए."

त्याच्या हातात काचेची नळी होती. खाली लाल आणि वर, जिथे पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे पांढरं. दुधासारखं, घट्ट. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली.

आई माझ्या पायाशी होती. तिने बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "साय आली."

तिला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. पण दुधाचं तिला कळतं.

एकच प्रश्न

"शराब लेती हैं?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी आईबाबांना बाहेर पाठवलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांचं बरोबरच होतं, विचारावंच लागतं. पण बाहेर जाताना बाबांचा चेहरा मी पाहिला. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. फॅक्टरीतले लोक पार्टीत त्यांच्या हातात लिंबू सरबत देऊन त्यांची चेष्टा करायचे.

रात्रीपर्यंत सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज होती. रक्तात चरबी इतकी, की नळीत दिसली. आणि लिव्हरवरही चरबी, थोडीथोडकी नाही.

"पर ये तो इतनी दुबली है," आई म्हणाली.

"दुबली दिखती है," डॉक्टर म्हणाले. "चर्बी बाहर नहीं बैठी, अंदर बैठी है."

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. काही लोकांच्या शरीरात चरबीचा निचरा मुळात हळू होतो आणि ते घराण्यात असतं. त्यावर रोजचं तळलेलं, मैदा, साखर आणि दिवसभर बसणं. लिव्हर येईल ते साठवत राहतं, तक्रार करत नाही. मग एक दिवस दुसरंच कोणीतरी ओरडतं. माझ्यात स्वादुपिंड ओरडलं.

शेवटी ते म्हणाले, "इस बार बच्ची जल्दी आ गई. दोबारा हुआ तो मैं कुछ नहीं कह सकता. दवा अपना काम करेगी, पर घर का खाना बदलना पड़ेगा. पूरे घर का."

बाबांनी मान हलवली. आईने हलवली नाही. ती माझं पांघरूण नीट करत होती, जे नीटच होतं.

उपाशी

पहिले काही दिवस तोंडाने काही नाही. पाणीही नाही. सलाइन आणि इन्शुलिन, बोटाला टोचून साखर बघायची, पुन्हा सलाइन. सकाळी फिनाइलचा पोछा, मग राउंड, मग दुपारी जेवणाची गाडी. तिचं एक चाक वाजायचं, त्यामुळे ती लांबूनच कळायची. वॉर्डातल्या एका सिस्टरने दुसऱ्या दिवसापासून गाडी यायच्या आधी माझ्या कॉटचा पडदा ओढायला सुरुवात केली. आजारपणात मला सगळ्यात जास्त कोणाचा आधार वाटला असेल, तर त्या पडद्याचा.

दुसरा आधार शेजारच्या कॉटवरच्या बाईचा. पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालेलं, जबलपूरजवळच्या पाटणची, आवाज मोठा. पहिल्याच सकाळी तिने विचारलं, "काए बिटिया, का हो गओ?"

आई म्हणाली, "लिवर में चर्बी है."

"लिवर? पीती-वीती है का?"

आईचा चेहरा उतरला. मी भिंतीकडे तोंड केलं. बाई स्वतःच पुढे नवऱ्याबद्दल म्हणाली, "अरे हमाए जो पीते हैं, वो बाहर बेंच पे बैठे हैं, भले-चंगे. पेट हमाओ कटो." आणि हसली, आणि टाके दुखले म्हणून कण्हली. मलाही हसू आलं. पोट दुखलं, पण भरती झाल्यापासून ते पहिलं हसू होतं.

आईचे हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. तिथे ते रिकामे होते. बसल्या बसल्या ती पदराचा काठ दोन बोटांत धरून दुमडायची, दाबायची, पुन्हा दुमडायची. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ती करंजीला मुरड घालून राहिली होती.

भीतीबद्दल लिहायला हवं. मला मरणाची भीती फारशी वाटली नाही, दुखणं इतकं होतं की डोकं तिथे पोचायचं नाही. भीती नंतर वाटली, दुखणं कमी झाल्यावर. घरी जायचं म्हणजे त्या डब्याकडे जायचं. आणि आईला हे कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. कॉलेजात बाकावर बसायलाही मी कोणाला "सरक" म्हणू शकत नव्हते.

"और बचा हुआ?"

घरी सोडायच्या आधी आहार सांगणाऱ्या मॅडम आल्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. मला वाटलं, बरं झालं, आता हे माझ्याऐवजी त्या सांगतील.

त्यांनी आईला विचारलं, "आंटी, घर में तेल कौन-सा आता है?"

आईला विषय आवडला. तिने शेंगदाण्याचं कोणतं, सूर्यफुलाचं कोणतं, चकलीला काय, अनारशाला तूपच का, सगळं सांगितलं. "देखिए, मैं धंधा करती हूँ, पर ईमानदारी का. हर ऑर्डर में नया तेल. एक बार तला तो दोबारा ग्राहक के लिए नहीं."

"बहुत अच्छा," मॅडम म्हणाल्या. "और बचा हुआ?"

"वो घर में."

आई अजून हसत होती. मॅडम लिहायच्या थांबल्या. मी चादरीकडे बघत होते. आईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, ते थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग जागच्या जागी विझलं.

मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, एका गोष्टीने असं होत नसतं, तब्येत मुळातच अशी असते, आपण तिला बिघडायला रोज मदत करतो. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडतं, ते कोणाच्याच पोटात जाऊ नये. त्या बरंच बोलल्या. आई "जी, जी" म्हणत होती. तिच्या कानात त्यातलं काही जात नव्हतं.

गाडीत बसल्यावर ती एकच वाक्य बोलली. "म्हणजे गिऱ्हाइकाला ताजं आणि पोरीला विष, असंच ना?"

"असं कोण म्हटलं?" बाबा म्हणाले.

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे."

मी मागे बसले होते. मला म्हणायचं होतं की तसं नाही. पण नाही म्हटलं की तो डबा तसाच राहील, असंही वाटलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दोन चुली

त्यानंतर घरात स्वयंपाक दोन झाले. माझ्यासाठी वेगळं पातेलं: उकडलेली भाजी, पातळ वरण, कोरडी पोळी, मोजून तेल. त्यांच्यासाठी आधीचंच, डब्यातल्या तेलाचं. आई मला वाढताना इतकी काळजी घ्यायची की मला पाहुण्यासारखं वाटायचं. डॉक्टरांचं "पूरे घर का" आम्हा तिघांनाही ऐकू आलं होतं.

मग आईने स्वतःचा उपाय काढला. उपास. माझ्यासाठी तिने चतुर्थी धरली, गुरुवार धरला आणि मलाही धरायला लावला. "पोटाला आराम मिळते," ती म्हणाली. पहिल्या गुरुवारी ताटात साबुदाण्याची खिचडी आली, वर दाण्याचं कूट, बाजूला तुपात परतलेला बटाटा. खिचडी चमकत होती.

बाबा ताटाकडे बघून म्हणाले, "अगं, हा उपास आहे का मेजवानी?"

"देवाचं आहे," आई म्हणाली.

"देवाचं लिव्हर बरं असेल."

मी हसले नाही. मी ताट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि दोन काकड्या चिरून घेऊन आले. आमच्या घरात ताट परत नेऊन ठेवण्याची पद्धत नाही. आईने ते ताट झाकून ठेवलं. पुढच्या गुरुवारी तिने उपासाचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी मी चालायला लागले. आधी कॉलनीच्या गेटपर्यंत, मग पुढे. बाबा सोबत येतो म्हणायचे आणि वाटेत फॅक्टरीतला कोणी ना कोणी भेटला की तिथेच राहायचे. माझी काही हरकत नव्हती. एकटीने चालणं मला बरं वाटतं.

चहा न घेता

डॉक्टरांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, हे घराण्यात असतं, आईवडिलांचंही रक्त तपासून घ्या. बाबा लगेच जाऊन आले. त्यांचं वयाच्या मानाने ठीक निघालं. आई टाळत होती. राखी झाली, गणपती झाले, दसऱ्याच्या ऑर्डरी लागल्या.

"मला काय झालं आहे?" ती म्हणायची. "मी तर जेवतही नाही. तळता तळता पोट भरते."

मी सोबत राहून एक गोष्ट पाहिली होती. ती खरंच जेवायची नाही. कढईसमोर उभ्याने मोडके तुकडे खायची, माझा डबा आता तिचा झाला होता. आणि ताट घेतलं की दोन घासांत उठायची. म्हणजे मी जे बंद केलं होतं, ते सगळं तिच्याकडे गेलं होतं. मला माझ्या रिपोर्टपेक्षा आता त्याची भीती वाटायला लागली. पण ते बोलून दाखवलं असतं तर तिने पुन्हा विषाचं काढलं असतं.

दसऱ्यानंतर माझी तपासणी होती, उपाशी पोटी. आई म्हणाली, मीही येते, परत येताना गुळाचं बघायचं आहे. ऑटोत बसल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. अर्ध्या रस्त्यात कळलं. आई चहा न घेता निघाली होती. माझी आई कोणाच्या मयतीलाही चहा घेतल्याशिवाय निघत नाही.



लॅबमध्ये तोच मुलगा होता. माझं रक्त घेऊन झालं, मी कापूस दाबून उठले. माझी खुर्ची रिकामी होताच आई तिच्यावर बसली आणि बांगड्या वर सरकवून हात पुढे केला. "भैया, मेरा भी ले लो."

"आंटी, पर्ची?"

"पर्ची ये बनवा देगी. खाली पेट हूँ. रात से."

मी काउंटरवर गेले. आईचं पूर्ण नाव आणि वय सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा बराच मोठा निघाला असावा, कारण दोघातिघांनी वळून पाहिलं.

दुपारी आईने मला रिपोर्ट आणायला पाठवलं नाही, ती स्वतः गेली. परत आली तेव्हा मी जिन्यापाशी उभी होते. तिने चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली.

"तुझं पुष्कळ उतरलं," ती म्हणाली. "आणि मी त्या मुलाला म्हटलं, माझी नळी दाखव. साय नाही आली. पण पाणी गढूळ आहे. तुझ्यासारखंच आहे गं माझंही."

मग ती ओट्याशी गेली, डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"हे फेकायचं कुठं?" तिने विचारलं. "नालीत टाकू? नर्मदेत? अन्न आहे ते."

मी म्हटलं, "कुठेही टाक, आई. आपल्यात नको टाकू. तुझ्यातही नको." मी आईला स्वतःहून सांगितलेलं, मला आठवतं त्यातलं सगळ्यात लांब वाक्य हेच.

दिवाळी

दिवाळीच्या ऑर्डरी तिने घेतल्या. त्या बंद व्हाव्या असं मला कधीच वाटलं नव्हतं. मी या वेळी खोलीत न बसता चकल्या पाडायला बसले, वाकड्या आल्या. मोडके तुकडे आईने भांडी घासायला येणाऱ्या मावशींना द्यायला काढले, मग थांबली, म्हणाली, "तिचं काय लोखंडाचं लिव्हर आहे?" आणि त्यातले बरेचसे परत घेऊन दारात येणाऱ्या गाईसमोर ठेवले. गाईने हुंगून तोंड फिरवलं. बाबा म्हणाले, "तिने डॉक्टरला दाखवलं असेल."

आता घरात एकच स्वयंपाक होतो. फोडणीपुरतं तेल, ताजं. देव, गिऱ्हाईक आणि आम्ही. माझ्या गोळ्या चालू आहेत आणि बहुतेक चालूच राहतील. लिव्हरवरची चरबी कमी झाली आहे, गेलेली नाही. आईचीही गोळी सुरू झाली, ती घ्यायला विसरते आणि मी आठवण करून देते. हे वाचणाऱ्या काकूंना इतकंच सांगायचं आहे की बारीक माणसाचंही रक्त तपासा. आणि जी सगळ्यांना वाढून उभ्याने खाते, तिचं आधी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी साडी नेसून खाली आले, तर पूर्ण अंगणात चकलीचा वास. मला वाटलं, आईने ऐनवेळी कोणाची तरी ऑर्डर घेतली. स्वयंपाकघरात पाहिलं, गॅस बंद. डबा धुवून ओट्यावर उपडा घातलेला.

आई अंगणात होती. कुंपणाच्या भिंतीवर, पायऱ्यांवर, तुळशीपाशी, विहिरीच्या कठड्यावर तिने पणत्या मांडल्या होत्या, दरवर्षीपेक्षा कितीतरी जास्त. हातात किटली. ती एकेका पणतीत तळणीचं तेल ओतत होती. देवापुढचा दिवा तेवढा आत, ताज्या तेलाचा. या पणत्या जरा काजळी धरत होत्या, पण जळत होत्या.

समोरचे शर्माजी फाटकापाशी थांबले. "भाभीजी, आज के दिन भी चकली तल रही हैं?"

"नहीं जी," आई म्हणाली. "दिये हैं."

ते गेले. आई किटली घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मला वाटलं, ती आता काहीतरी आजाराचं बोलेल.

"ओवा जरा कमी पडला गं यंदा," ती म्हणाली.